तळघरातल्या गप्पा

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
१६ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

फराळाचं पार्सल पोचलं. चकल्यांचा निम्मा चुरा झालाय, पण तो चुरा आम्ही वाटीत घेऊन चमच्यानं खातोय, काळजी करू नकोस.

मागं तू फोनवर विचारलंस, तिथली म्हातारी माणसं पारावर बसून काय बोलतात? पार नाही गं इथं. चर्चचं तळघर आहे. दर मंगळवारी सकाळी कॉफी फुकट, आणि एक नर्सबाई सगळ्यांचं बीपी बघते. मीही जातो. जात-धर्म कुणी विचारत नाही. परवा तिथं जुंपली ती घरपट्टीवरून. आता सांग, एकतीस वर्षं घरपट्टी खात्यात काढलेला माणूस कान बंद करून बसेल का?

या राज्यात पेन्शनला राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी जबर, आणि तिचा मोठा वाटा शाळांना जातो. आमच्यातला एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, "एवढी मोक्याची जागा या चर्चची, पट्टी शून्य. त्यांच्या वाटची मी भरतोय." हे म्हणताना चर्चचाच दुसरा डोनट त्याच्या हातात होता. मी म्हटलं, आमच्याकडेही देवळाला सर्वसाधारण कर माफ असतो, पण आवारात नारळाचं दुकान थाटलं की त्याचं बिल जातं. त्या दुकानालाही 'देवाची सेवा' म्हणणारे पंच तुला आठवत असतील.

इथल्या सुप्रीम कोर्टानं १९७० सालीच ही माफी योग्य ठरवली. कर बसवायचा म्हणजे जागेची किंमत करा, थकला तर जप्ती आणा, त्यातून सरकार धर्मात जास्तच गुंतेल, असा त्यांचा मुद्दा. तो मला पटतो. पटत नाही ते निराळंच. इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी आयकर खात्याला विवरणपत्र द्यावं लागतं, चर्चला तेही माफ. इथल्या देवळांनाही तीच सवलत. आपल्याकडे गावच्या ट्रस्टलासुद्धा धर्मादाय आयुक्तांच्या दारी हिशेब न्यावा लागतो. सूट खुशाल द्या, पण वही तरी बघा की!

शाळेच्या भटारखान्यात जन्म काढलेली एक विधवा बाई कोपऱ्यात बसते. तिला मोठ्यानं सांगावं लागतं. पासष्टीनंतर इथं मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा मिळतो. १९६५चा कायदा. पण कानाचं यंत्र, चष्मा, दातांची कवळी साध्या मेडिकेअरमध्ये बसत नाही. मेडिकेअरच्या डॉक्टर-खर्चाच्या भागासाठी यंदा महिना १८५ डॉलर हप्ता, वर बिलाचे वीस टक्के आपले. ती पोस्टमनला म्हणाली, "चर्चनं कर भरला तर माझ्या कानात यंत्र येईल का?"

येणार नाही, अक्का. खातीच वेगळी. घरपट्टी जिल्ह्याची आणि शाळेची, मेडिकेअर केंद्राचं. पगारातून १.४५ टक्के कामगाराचे, तेवढेच मालकाचे, त्यावर मेडिकेअरचा दवाखान्याच्या खर्चाचा भाग चालतो. मी कागदी रुमालावर दोन खाती आखून दाखवली. पोस्टमननं त्याच रुमालाला हात पुसले.

बाहेर तेवढ्यात आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची घोडागाडी टपटप करत गेली. या पंथाचे जे लोक स्वतःची शेती, धंदा करतात, त्यांना धर्माच्या कारणानं हा मेडिकेअरचा करही माफ करून घेता येतो. मात्र मग मेडिकेअरही नाही. आजारपणाचं बिल आलं तर आपसात वर्गणी काढून भागवतात. त्यांच्याबद्दल तळघरात कुणी चकार शब्द काढत नाही. घेत नाहीत म्हणून देत नाहीत, हे सगळ्यांना कळतं.

मग मी मिरजेच्या मिशन दवाखान्याचं सांगितलं. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी सुरू केला, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडून आले होते, म्हणजे इथल्या चर्चच्या थाळीतली नाणी आपल्या मिरजेपर्यंत आली. तुझ्या लहानपणी टायफॉईडला नानांनी तुला बैलगाडीतून तिथंच नेलं होतं ना? पोस्टमन ऐकत राहिला, मग म्हणाला, "तरी पट्टी भरायला हवी." गडी हटत नाही. मला आवडतो.

आमचं म्हणशील तर ग्रीन कार्ड होऊन दोनच वर्षं झालीत. इथं नोकरी केलेली नाही, त्यामुळं सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही मिळत नाही. तोवर पोराच्या खिशाला चाट. हिच्या गुडघ्याचं बोलणंच त्यामुळं पुढं ढकललंय. कालपासून मेडिकेअरच्या योजना बदलायची मुदत सुरू झाली, ७ डिसेंबरपर्यंत. पेटीत रोज गुळगुळीत जाहिरातींचा गठ्ठा पडतो, तोही माझ्या नावानं! वय तेवढं कळलंय त्यांना.

तू मात्र सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड अजून काढलं नाहीस, असं बंडू म्हणाला. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. दिवाळी झाली की आधार घेऊन त्याच्याबरोबर जा. अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, घरी बसू नकोस.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्तू