आधी मीटर, मग स्क्रू: मेकॅनिक दादांचे आभार

आदरणीय मेकॅनिक दादा,
सप्रेम नमस्कार.

सिग्नलला उभं राहिलं की १५०० आरपीएमवर गुरगुरणारं, तर कधी एकदम खाली येऊन बंद पडणारं इंजिन आता गरम झाल्यावर ८०० वर स्थिर राहतं. त्याचे आभार आहेतच. पण त्याहून मोठे आभार, तुम्ही जो क्रम धरून काम करायला लावलंत त्याचे. केबलवर चालणारा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, पाकळी असलेली झडप) आणि ती किती उघडली हे सांगणारा, फिरवता येणारा सेन्सर (टीपीएस) ज्यांच्या गाडीत आहे, त्यांनाही तो कळावा म्हणून हे पत्र उघडपणे.

तुमचा पहिला प्रश्न सेन्सरबद्दल नव्हताच. एक्सलरेटर केबलला थोडी ढील आहे का? व्हॅक्यूमचे पाइप आणि इनटेकचं गॅस्केट शाबूत आहे का? थ्रॉटलच्या पाकळीमागे कार्बन किती बसलाय? हवा कुठून चोरून आत येत असेल, तर सेन्सर कितीही फिरवा, आरपीएम वरच राहणार. उलट आकडा आणखी नाचतो: थ्रॉटल बंद असूनही वेग चढलेला दिसला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पेट्रोल तोडतो, वेग पडला की पुन्हा सोडतो, आणि हे चक्र चालूच राहतं. कार्बन काढताना क्लीनर थेट न फवारता कापडावर घ्यायला सांगितलंत, तेही योग्यच. दांड्यावरून तो ओघळून सेन्सरमध्ये शिरतो.

पाकळी पूर्ण बंद होताना जिथे टेकते त्या स्टॉप स्क्रूला हात लावू दिला नाहीत, हा दुसरा उपकार. आयडल (पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग) वाढवायला तो आयताच हाताशी असतो, पण त्याचं काम पाकळी बोअरमध्ये, म्हणजे हवेच्या नळीत, रुतू न देणं एवढंच. तो हलला की सेन्सरचा शून्यबिंदूही हलतो.

मग मीटर. इग्निशन चालू, इंजिन बंद, कपलर (सेन्सरच्या वायरींचा जोड) जोडलेलाच. वायरला टोचायचं नाही (भोकातून पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं), बारीक पिन कपलरच्या मागून सरकवायची. तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट यायला हवेत. अर्थची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला फरक ०.१ व्होल्टच्या आत हवा. तो जास्त असेल तर दोष अर्थिंगचा, आणि त्याची भरपाई सेन्सर फिरवून करायची नाही. राहिली सिग्नलची वायर. पाय न लावता तिच्यावर बऱ्याच गाड्यांत ०.५ व्होल्टच्या आसपास आकडा असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरायचा. इथे ०.८ दिसला की ईसीयूला वाटतं पाय पेडलवर आहे. मग तो आयडलचा ताबाच घेत नाही.

सेन्सर धरणारे दोन्ही स्क्रू जेमतेम सैल करायचे, सेन्सर हाताने हलेल पण आपणहून सरकणार नाही इतपत. बिट डोक्यात घट्ट बसणारा हवा, नाहीतर डोकं घासून जातं. आकडा जुळला की स्क्रू आळीपाळीने आवळायचे, बेताने, कारण प्लॅस्टिकचा कान चटकन तडकतो. आवळताना आकडा काही शतांश सरकतोच, म्हणून पेडल दोनचार वेळा पूर्ण दाबून सोडायचं आणि पुन्हा वाचायचं. सगळा कस याच पायरीत आहे.

शेवटी पाकळी अगदी सावकाश उघडत न्यायची. व्होल्टेज न अडखळता चढत पूर्ण उघडल्यावर ४ च्या वर गेलं पाहिजे. मध्येच ते पडलं, तर आतली कार्बनची पट्टी झिजलेली आहे. मग जुळवत बसू नये, सेन्सर बदलावा. यासाठी काट्याचा मीटर बरा, डिजिटलमध्ये क्षणाचा खड्डा निसटतो.

जुळवणीनंतर बॅटरीचं निगेटिव्ह काही मिनिटं काढून ठेवलं, तर बऱ्याच ईसीयूंची जुनी शिकवण पुसली जाते. मग एसी आणि दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत नुसतं चालू द्यायचं. रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून ठेवलेला बरा. आणि पेडलला केबलच नसेल, थ्रॉटल मोटरवर फिरत असेल, तर यातलं स्क्रूचं काही लागू नाही. तिथे स्वच्छता आणि स्कॅनरने रीलर्निंग (ईसीयूला पुन्हा शिकवणं), एवढंच.

स्क्रूच्या डोक्यावर तुम्ही लावलेली पांढरी खूण अजून जागेवरच आहे.

आपला ऋणी,
एक गाडीवाला