फिरोजशहांचे स्मरण कायद्यासह व्हावे

महोदय,

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे; पण लोकमान्यांना विरोध करणारे मवाळ पुढारी, काँग्रेसच्या सुरतेतील १९०७ च्या फुटीतील एक बाजू, एवढीच त्यांची ओळख मराठी वाचकांत उरली आहे, याची मला खंत वाटते.

लंडनहून १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेल्या फिरोजशहांनी १८७१ मध्ये, मुंबईचे पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चिक कारभाराविरुद्ध करदाते खवळलेले असताना, दोष एका अधिकाऱ्याचा नसून त्याला जाब विचारू न शकणाऱ्या व्यवस्थेचा आहे, अशी भूमिका मांडली. जमाव एका माणसाकडे बोट दाखवत असताना असे बोलायला वकिलाची शिस्त लागते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने पालिकेच्या ६४ पैकी ३२ सदस्य करदात्यांनी निवडून देण्याची तरतूद झाली. मताधिकार करदात्यांपुरताच राहिला आणि गिरणी कामगारांच्या चाळी त्याबाहेर राहिल्या, ही उणीव मोठीच होती. तरीही १८८८ चा महापालिका कायदा घडत असताना, शहराचा कारभार निर्वाचित प्रतिनिधी असलेल्या सभागृहाकडेच राहावा यासाठी फिरोजशहा आणि न्या. तेलंग यांनी कायदेमंडळात कलमागणिक जो झगडा केला, त्याचे ऋण आजची मुंबईही वागवते.

पुढे ते १८९० मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, केंद्रीय कायदेमंडळातही गेले. परंतु महापालिका त्यांनी सोडली नाही. १८८४ आणि १८८५ मध्ये तिचे अध्यक्षपद भूषविलेला हा नेता राष्ट्रीय कीर्ती मिळाल्यावर, १९०५ मध्ये, पुन्हा त्याच खुर्चीत बसला. नगरसेवकपद ही आमदारकीची पहिली पायरी मानण्याच्या आजच्या रीतीशी हे ताडून पाहावे.

१८८८ च्या त्याच कायद्याचे कलम ६४ शहराचा कारभार महापालिकेकडे, तर अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे सोपवते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर काही वर्षे दोन्ही अधिकार प्रशासकाच्या हाती एकवटले, तेव्हा रस्त्याच्या खड्ड्यापासून अर्थसंकल्पापर्यंत जाब कोणाला विचारायचा, हा १८७१ चाच प्रश्न मुंबईकरांपुढे पुन्हा आला. म्हणून माझी विनंती आहे की, येत्या ४ ऑगस्टला, फिरोजशहांच्या जयंतीनिमित्त, आपण या कायद्याची महत्त्वाची कलमे आणि ती घडताना झालेले वाद सोप्या मराठीत लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध करावेत.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई