वावर विकायचं नाही, पण तू जायचं

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, हो की नाही ते एकदाचं सांगा." शेतीच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायला माझं हो आहे. पण कुठं जायचं आणि कोणाच्या पैशानं, यावर माझं म्हणणं वेगळं आहे. फोनवर ते जमत नाही, मधेच रेंज जाते नाहीतर तुझी आई फोन ओढते. म्हणून लिहून पाठवतो. सावकाश वाच.

आधी त्या इंग्लंडच्या प्रवेशाच्या पत्राचं. नागपूरच्या तुझ्या त्या कन्सल्टंटनं मला पहिला प्रश्न विचारला, "काका, शेती किती एकर?" तुझे मार्क त्यानं नंतर विचारले. अशा लोकांना विद्यार्थ्यामागं विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून त्यांचा सल्ला आपल्याला फुकट असतो. असो. त्यानं दिलेला आकडा मी सोसायटीच्या जुन्या पावतीच्या पाठीवर मांडला. एका वर्षाच्या एम.एस्सी.ची फी पंचवीस हजार पौंड, राहणं-खाणं वेगळं, वर आरोग्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड. पौंड एकशे अठराच्या आसपास धरला तरी सगळं मिळून पंचेचाळीस लाखांच्या पुढं जातं. शिक्षण झाल्यावर तिथं थांबून नोकरी शोधायला आजवर दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दीडच वर्ष मिळणार, आणि तू २०२६ च्या सप्टेंबरात गेलीस तर त्यातच येतेस. हे त्यानं सांगितलं नाही.

चाळीस लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिन्याला चोपन्न हजारांच्या घरात बसतो. शिकतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज साचेल ते वेगळं, तेही आठ लाखांच्या आसपास.

माझं अर्धं आयुष्य सोसायटीच्या कर्जवह्या लिहिण्यात गेलं. पीककर्ज देताना आम्ही कास्तकाराला विचारत नाही की बाबा, कापसाला यंदा दहा हजार भाव आला तर किती कमावशील. हेक्टरी दर ठरलेला असतो, त्यावर देतो. तुझ्या कर्जालाही मी तोच नियम लावणार. तिकडं नोकरी लागली, पौंडात नाहीतर युरोत पगार आला, हे धरायचंच नाही. परत येऊन नागपूर-पुण्यात चाळीस-पंचेचाळीस हजारांवर लागलीस तर हप्ता निघतो का, एवढंच पाहायचं. वीस हजारांचा निघेल. चोपन्न हजारांचा नाही निघणार, आणि मग तो वावरातून निघेल असं घरात कोणीतरी म्हणेलच.

म्हणणारी तुझी आईच आहे. नाल्याकाठचं वावर काढून टाका म्हणते. पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातून एडिनबरा-ऑक्सफर्डला गेले, मग माझ्या पोरीनं काहून जाऊ नये, हे तिचं रोजचं. मी तिला म्हटलं, बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्यावर ती काही बोलली नाही, पण पटलं असंही नाही. विहीर त्याच वावरात आहे, ते गेलं तर उरलेलं सगळं कोरडवाहू. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११०. एकरी सहा क्विंटल धर, वेचाई-फवारणी जाऊन हाती काय राहतं ते तुला माहीत आहे.

आता जर्मनी. तू पाठवलेलं सगळं वाचलं, आणि मला हाच रस्ता बरा दिसतो. गोटिंगेन आणि बॉन, दोन्हीकडं शेतीचं शिक्षण नावाजलेलं आणि परदेशी पोरांनाही शिकवणी फी नाही. सेमिस्टरला तीन-चारशे युरो भरायचे, त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. मात्र जर्मनीत सगळीकडंच फुकट आहे असं समजू नको. तुझ्या यादीत वर असलेलं होहेनहाइम बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात येतं, तिथं २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानंही २०२४ मध्ये फी लावली. नॉर्वेत फुकट होतं तेही २०२३ पासून बंद. एकेक दार लागत चाललंय, म्हणून दोन-तीन वर्षांनी बघू असं मी म्हणत नाही.

फी नसली तरी खर्च आहेच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात. युरो शंभराचा धरला तर बारा लाख. पण हे पैसे कोणाच्या घशात जात नाहीत, महिन्याला ९९२ युरो असे तुलाच परत मिळतात. दुसऱ्या वर्षाला काही कामातून निघेल. विद्यार्थ्याला वर्षातून १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या वर्षाच्या हिशेबात मात्र ही कमाई धरू नको. आधी भाषा शिक, वर्ग इंग्रजीत असले तरी दुकानदार इंग्रजीत बोलेल असं नाही.

म्हणजे कर्ज पंधरा लाखांच्या आत, हप्ता वीस हजारांचा. माझ्या नियमात बसतं.

त्याआधी फुकटच्या पैशाला हात घालून बघ. डाड (DAAD) या जर्मन संस्थेची जी शिष्यवृत्ती विकसनशील देशांतल्यांसाठी आहे तिला दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो, आणि पदवी सहसा सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. अकोल्याची पदवी आणि बियाणे कंपनीतली तुझी फिरस्तीची नोकरी, दोन्ही बसतात. मोटरसायकलवर गावोगाव हिंडलीस त्याला मी नावं ठेवायचो, पण फॉर्ममध्ये तेच कामी येईल. महिन्याला ९९२ युरो मिळतात. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीत १,४०० मिळतात आणि फी माफ, पण तिथं साऱ्या जगातली पोरं असतात. तरी भर.

दुसरी आपल्या राज्य सरकारची, ओबीसींसाठीची परदेश शिष्यवृत्ती. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं, सगळं देतात. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, ते आहे. अडचण अशी की विद्यापीठ क्यूएसच्या, म्हणजे जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीच्या, यादीत पहिल्या दोनशेत लागतं. गोटिंगेन-बॉन त्यात बसत नाहीत, होहेनहाइम तर नाहीच. शेतीसाठी ही यादी कशाला लावली देव जाणे! हॉलंडचं वागेनिंगेन मात्र दोनशेत आहे आणि शेतीत त्याच्या तोडीचं कमीच. फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर, म्हणजे स्वतःच्या पैशानं नाव काढू नये असं, पण सरकार देणार असेल तर पहिलं तेच. अर्जाला बिनशर्त प्रवेशपत्र लागतं. निवड यादीला उशीर झाल्याच्या बातम्या मी दरसाल वाचतो, म्हणून वागेनिंगेन आणि गोटिंगेन दोन्हीकडं अर्ज टाक. एकावर विसंबू नको.

आता तारणाचं. तालुक्याच्या बँकेत सातबारा घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, शेतजमीन चालत नाही. मला ते माहीतच होतं. बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा जो सरफेसी कायदा, त्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्या वसुलीतून वगळली आहे, बँकेला ती परस्पर विकता येत नाही, मग ती ठेवून घेईल कशाला? ज्या सातबाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या कर्ज उचललं तो तिथं नुसता कागद. गावातल्या घराच्या नमुना आठलाही त्यांनी मान हलवली. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, आपल्याला त्याच्या वर जायचंय. तेव्हा यवतमाळचा अकृषक प्लॉट लावू. म्हातारपणी तिथं दोन खोल्या बांधायचा विचार होता, तो पुढं ढकलला. त्याचं ओझं घेऊ नको, गाव सोडायला मला तसंही जिवावर येतं. पंधरा टक्के रक्कम आपली लागेल ती माझ्या ठेवीतून देईन. कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशावर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पाठवतानाच कापायचा कर, कापत नाहीत, तेवढं बरं झालं.

सोमवारी तहसीलला उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेयरचं बघतो. एपीएसचं, म्हणजे आपली पदवी-मार्कशीट तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय जर्मनीचा व्हिसा होत नाही, त्याचे अठरा हजार तू तुझ्या पगारातून भर आणि अर्ज याच आठवड्यात कर. वावराचा विषय आईजवळ काढू नको, ते मी बघतो. कंपनीकडून अनुभवाचं पत्र मागून घे. त्यावर रुजू झाल्याची तारीख आणि साहेबाची सही-शिक्का दोन्ही असू दे, नुसती मेल चालणार नाही.

तुझा,
बाबा