‘भुताचा मुखवटा’ नव्हे, किफ्वेबे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील गृहसजावटीच्या लेखासोबत दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या एका लाकडी मुखवट्याचे छायाचित्र होते आणि त्याखाली ‘आफ्रिकेतील भुताचा मुखवटा’ एवढीच ओळ होती. चेहराभर कोरलेल्या समांतर रेघा, पुढे आलेले चौकोनी तोंड, फटींसारखे डोळे आणि कपाळावरून मागे गेलेला उंच तुरा पाहता ती काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील सोंग्ये लोकांच्या ‘किफ्वेबे’ मुखवट्याची घडण आहे, आणि तिला भूत म्हणणे मला फार खटकले.

या मुखवट्यांत नर आणि मादी असा भेद असतो. नर मुखवट्याचा तुरा ठळक असतो. तो जितका उंच, तितके मुखवट्याचे सामर्थ्य मोठे मानले जाते. त्याच्यावर लाल, काळा आणि पांढरा असे तिन्ही रंग असतात. मादी मुखवट्याला तुरा नसतो किंवा नावापुरता असतो आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचा भर असतो. पांढरा रंग चंद्र, शुद्धता आणि सुबत्ता यांच्याशी जोडलेला आहे. लाल रंग रक्त आणि धैर्य सुचवतो, पण त्यात धोक्याचीही सूचना असते. नर मुखवट्याचे वागणे आक्रमक आणि बेभरवशाचे, तर मादीचे नृत्य संथ असते. हे दोन्ही मुखवटे ‘ब्वादी ब्वा किफ्वेबे’ या मंडळाचे पुरुषच घालतात, ही बाब मला विशेष वाटते. गावच्या प्रमुखाचा अधिकारग्रहण विधी, त्याचा मृत्यू, मुलांची दीक्षा अशा प्रसंगी हे मुखवटे लोकांसमोर येत आणि नर मुखवट्याच्या धाकाने गावातील शिस्त राखली जाई. म्हणजे त्यातील भीती खरी आहे. परंतु ती समाजाने विचारपूर्वक एका अधिकाराला दिलेली भीती आहे.

अनेक किफ्वेबेंच्या कडेला ओळीने भोके दिसतात. त्यांतून राफिया तंतूंची लांब दाढी आणि अंगभर विणलेला पोशाख मुखवट्याला बांधला जाई. परदेशी संग्रहांत बहुधा फक्त लाकूड पोहोचले. पोशाख, गाणे आणि नाचणारा माणूस मागेच राहिला. भिंतीवर टांगलेला चेहरा म्हणूनच अर्धाच असतो, आणि तोही चुकीच्या नावाने छापला गेला तर त्यातले काय उरते?

पुढील अंकात ती ओळ दुरुस्त करून ‘किफ्वेबे मुखवटा, सोंग्ये, काँगो’ असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे