घानाचा राष्ट्राध्यक्ष: मुक्तास पत्र

टेमा, घाना

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तिथला राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपला राष्ट्रपती की आपला पंतप्रधान?" आई आणि तू एकदम बोलत होतात, मला मधे शिरायला जागाच मिळेना, म्हणून लिहून पाठवतोय. तो दोन्ही आहे, आणि सैन्याचा सरसेनापतीही. १९९२ च्या राज्यघटनेचं कलम ५७ बघ.

पण कॉलेजच्या सादरीकरणात पश्चिम आफ्रिका म्हटलं की सगळे लगेच रणगाडे आणि लष्करी उठावांचे फोटो लावतील. घानानेही ते भोगलंय. १९६६ साली पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना त्यांचं सरकार उलथलं. लष्करी अधिकारी रॉलिंग्ज १९७९ आणि १९८१ असे दोनदा बंदुकीच्या जोरावर आले. मात्र ७ जानेवारी १९९३ ला ही घटना लागू झाली, आणि तेव्हापासून इथलं सरकार मतपेटीतूनच बदलतंय. आज राष्ट्राध्यक्षाची ताकद कशात आहे म्हणशील तर माणसं नेमण्यात.

जिल्ह्यापासून सुरुवात कर. इथल्या जिल्ह्याचा प्रमुख म्हणजे डीसीई. आपला कलेक्टर परीक्षा देऊन येतो आणि सरकार बदललं तर फार तर त्याची बदली होते. डीसीई राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सरकार पडलं की तो घरी जातो. लहानमोठ्या २६१ स्थानिक सभा आहेत, म्हणजे अशा २६१ खुर्च्या. आता गंमत बघ. राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या माणसाला त्या सभेची दोन तृतीयांश मतं लागतात. वाचायला छान वाटतं. पण सभेतले ३० टक्क्यांपर्यंत सदस्यही राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेले! तरीही काही ठिकाणी उमेदवार आपटतो, पुन्हा मतदान घ्यावं लागतं, आणि त्या आठवड्यात आमचा ड्रायव्हर गाडीतल्या रेडिओचा आवाज कमी करू देत नाही. जिल्हाप्रमुख थेट लोकांनी निवडावा ही मागणी जुनीच. २०१९ च्या डिसेंबरात स्थानिक निवडणुकांत पक्षांना उमेदवार उभे करायची मोकळीक द्यावी का, यावर सार्वमत होणार होतं. एकमत होत नाही म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अकुफो-आडो यांनी ते ऐनवेळी मागे घेतलं, आणि थेट निवडणुकीचा विषयही त्याबरोबर बारगळला.

मंत्र्यांचंही तसंच. संसदेची संमती लागते, पण घटनाच म्हणते की निम्म्याहून जास्त मंत्री खासदारांतूनच घ्या. मग सत्ताधारी बाकावरचा खासदार सरकारला जाब विचारील की आपल्या नावाची वाट बघेल? अकुफो-आडो यांनी २०१७ मध्ये मंत्री-उपमंत्री धरून ११० जण घेतले होते. सध्याचे महामा ६० च्या आत राहू म्हणाले.

आता तुला सगळ्यात उपयोगी पडेल ते. २०२० मध्ये उत्तरेतल्या काफाबा गावात नव्वदीच्या एका म्हातारीला चेटकीण ठरवून भर लोकांत मारून टाकलं. देश हादरला. एका विरोधी खासदाराने चेटकीण ठरवण्याला गुन्हा करणारं विधेयक आणलं आणि २०२३ च्या जुलैत संसदेने ते मंजूर केलं. डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी सही नाकारली. कारण काय, तर कलम १०८. ज्याने तिजोरीवर बोजा पडतो ते विधेयक फक्त राष्ट्राध्यक्षांच्या वतीनेच मांडता येतं, आणि हे तर खासदाराने मांडलेलं. कायदा अंमलात आणायचा म्हणजे खर्च येणारच. त्या हिशेबाने खासदाराने मांडण्याजोगं उरतं तरी काय? संसद दोन तृतीयांश मतांनी राष्ट्राध्यक्षांचा नकार ओलांडू शकते, पण तेव्हा सभागृह जवळजवळ निम्मं-निम्मं होतं, तेवढी मतं आणायची कुठून. आपल्याकडे २०१३ मध्ये दाभोलकरांच्या खुनानंतर चार-पाच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला होता. दोन्ही शेजारी ठेवून बघ. कायदा पुढे जायला सरकारची इच्छा किती लागते ते वर्गाला आपोआप कळेल.

सरन्यायाधीशांचं प्रकरण जपून लिही. ७ जानेवारी २०२५ ला ब्लॅक स्टार चौकात महामांना शपथ दिली ती गर्ट्रूड टोर्कोर्नू यांनी. शपथ झाली, महामांनी राज्याची तलवार उंच धरली, आम्ही टीव्हीवर बघत होतो. एप्रिलमध्ये त्याच सरन्यायाधीश निलंबित झाल्या आणि १ सप्टेंबरला पदावरून दूर. कलम १४६ नुसार चौकशी समितीची शिफारस राष्ट्राध्यक्षांवर बंधनकारक असते, आमचे हात बांधलेले होते असं सरकार म्हणतं. विरोधक सूड म्हणतात. समिती नेमतात तेही राष्ट्राध्यक्षच, राज्य परिषदेच्या (त्यांना सल्ला देणाऱ्या मंडळाच्या) सल्ल्याने, हे मात्र तू लिहायचं विसरू नकोस.

जिथे राष्ट्राध्यक्षांचं काही चालत नाही अशी जागा म्हणजे पारंपरिक राजे. गादीवर कोण बसणार ते सरकार ठरवू शकत नाही. उत्तरेतल्या दागबोन राज्याचा राजा २००२ मध्ये मारला गेला. तो तंटा २०१९ मध्ये मिटला तो कुमासीचा असांतेहेने (म्हणजे असांते लोकांचा राजा) आणि आणखी दोन मोठे राजे यांच्या मध्यस्थीने. आणि जमिनीतलं सोनं? ते जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांच्या नावावर! खाणीच्या कराराला संसदेची मंजुरी लागते, पण मालक म्हणून कागदावर नाव त्यांचं.

एक बिनकामाची माहिती: राष्ट्राध्यक्ष बसतात ते ज्युबिली हाउस भारताच्या कर्जातून उभं राहिलं आणि बांधलं मुंबईच्या शापूरजी पालनजींनी. इथे कुणी भेटलं की मी हे सांगतोच. आई वैतागते.

मुदतीवर मात्र एक स्लाइड ठेवच. चार वर्षं, जास्तीत जास्त दोनदा. घानाच्या तीन सीमा बघ. पश्चिमेला आयव्हरी कोस्ट: तिथेही दोनदाचीच मर्यादा, पण २०१६ ची नवी घटना आली, मोजणी पुन्हा एकपासून धरली, आणि राष्ट्राध्यक्ष वाटारा २०२५ मध्ये चौथ्यांदा निवडून आले. पूर्वेला टोगो: २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपद शोभेचं केलं, सत्ता मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षाकडे नेली आणि त्या खुर्चीवर राष्ट्राध्यक्ष न्यासिंग्बे स्वतः जाऊन बसले. उत्तरेला बुर्किना फासो: २०२२ या एकाच वर्षात दोन उठाव. आणि इथे? २००८ मध्ये फेरनिवडणुकीत अर्धा टक्काही फरक नव्हता, तरी हरलेल्या पक्षाने चाव्या दिल्या. २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाचे उमेदवार बावुमिया यांनी अधिकृत निकालाआधीच हार मानली. महामांची ही दुसरी खेप, २०२९ च्या जानेवारीत संपते, आणि पुन्हा उभा राहणार नाही असं ते म्हणालेत.

कच्चा मसुदा झाला की पाठव. नेमणुकांचा भाग कापू नकोस, वेळ कमी पडला तर रॉलिंग्जचा काप.

तुझा,
बाबा