दारावरच्या मामांना बोलवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या क्लबचा सभासद. करोनाच्या काळात व्यवस्थापकीय समितीवर होतो. १८९७ च्या साथरोग कायद्याचं पुढे काय करायचं, यावर विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८६ वा अहवाल दिला आहे. आज ना उद्या तुमचं खातं नवी नियमावली लिहायला बसेल. तेव्हा आमच्या बैठकांतलं थोडं तुमच्या कानावर असावं, म्हणून हे पत्र.

५ ऑक्टोबर २०२० ला उपाहारगृहं आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले. व्यायामशाळांना दसऱ्यापर्यंत, म्हणजे २५ तारखेपर्यंत थांबावं लागलं. बार आधी आणि व्यायाम नंतर हा क्रम कुणी लावला देव जाणे. आमच्याकडे त्यावर कुणी हरकत घेतल्याचं आठवत नाही. चर्चा झाली ती टेबलांची. सहा फुटांचं अंतर टेपने मोजून जमिनीवर पट्ट्या मारल्या. पत्त्यांच्या खोलीतला एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात की नाही, यावर दोन बैठका गेल्या. (एसी जिंकला.)

आमचे वेटर विरारचे, बदलापूरचे. लोकल सर्वसामान्यांना मिळाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. क्लब उघडा आणि गाडी बंद, असे जवळजवळ चार महिने. त्या दिवसांत सात जण पँट्रीमागच्या कोठीच्या खोलीत झोपत होते, एकाला एक लागून. वर सहा फूट, खाली सहा इंच. समितीला हे ठाऊक होतं. मलाही होतं. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.

मग आला २७ नोव्हेंबर २०२१ चा आदेश. दोन्ही डोस झाल्याशिवाय प्रवेश नाही. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड, आस्थापनेला १०,०००. सभासद खवळले. 'हा खासगी क्लब आहे, सिनेमा थिएटर नव्हे,' असं एका ज्येष्ठ वकिलांनी ठणकावलं. आमची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. लस न घेणाऱ्यांचं म्हणणंही मी ऐकून घेतलं. एकदोघांना डॉक्टरांनीच थांबायला सांगितलं होतं, त्यांची बाजू रास्त होती. बाकीच्यांना प्रमाणपत्र दाखवणं हा अपमान वाटत होता, एवढंच.

हा वाद झूमवर रंगला. आदेश प्रत्यक्षात पाळायचा होता तो मात्र दारावरच्या मामांना. तीस वर्षं ज्यांची गाडी दिसताच सलाम ठोकला, त्यांना आता 'साहेब, मोबाइल दाखवा' म्हणायचं. एकाने त्यांना सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्या दिवशी मामांनी मला विचारलं, "साहेब, सोडलं तर दंड, अडवलं तर नोकरी. मी काय करू?" मी म्हणालो, समितीला विचारतो. विचारलं नाही.

मंत्रिमहोदय, पुढच्या वेळी तीन गोष्टी आदेशात असू द्या. नियम पाळला न गेल्यास अध्यक्ष आणि सचिव यांना नावानिशी जबाबदार धरा. जागा उघडायची परवानगी आणि तिथे काम करणाऱ्यांना येण्या-जाण्याची परवानगी एकाच दिवशी द्या. आणि बार, जिम, तलाव अशी नावं लिहीत बसण्यापेक्षा हवा कुठे खेळती आहे आणि कुठे कोंडते, ते पाहून नियम करा. आमच्यासारख्या क्लबात हे सगळं एकाच छपराखाली असतं आणि पळवाट नेमकी दोन नावांच्या मध्ये सापडते.

मसुद्यावर हरकती मागवाल तेव्हा आमच्या समितीचं लांबलचक निवेदन येईलच. सुनावणीला मात्र मामांना बोलवा. ते आता निवृत्त होऊन सावंतवाडीकडे असतात. तिकिटाचे पैसे मी देईन.

कळावे,
आपला,
एक सभासद