‘म्युलर’ एकाच पद्धतीने छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर फुटबॉलपटू थॉमस ‘मुलर’ असतो, पुरवणीत २००९च्या नोबेलविजेत्या लेखिका हेर्टा ‘म्यूलर’ होतात आणि वेदांचे अभ्यासक मॅक्स कधी ‘मुल्लर’, तर कधी ‘म्युएलर’. वाचणाऱ्याला ही चार आडनावे वाटतात. ते एकच आहे, आणि जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आहे.

अर्थ अगदी साधा: धान्य दळून देणारा. लॅटिनमधल्या ‘मोलिनारियुस’वरून जुन्या जर्मनमध्ये ‘मुलिनारी’ झाले आणि पुढे झिजत आजचे रूप आले. मध्ययुगात गावात शेती जवळपास सगळेच करत, त्यामुळे ‘शेतकरी’ म्हणून कोणाची वेगळी ओळख पटत नसे. पाणचक्कीवाला मात्र बहुधा एकच. त्यातून अनेक ठिकाणी जमीनदाराने ठरवून दिलेल्या चक्कीवरच दळण न्यायची सक्ती होती, म्हणजे त्याच्याशी संबंध प्रत्येक घराचा. मजुरी म्हणून तो दळणातूनच माप काढून घेई, म्हणून तो माप मारतो हा संशयही कायमचा पाठीशी. कित्येक ठिकाणी कारागिरांचे संघ त्याच्या मुलांना शिकाऊ म्हणून घेत नसत. १५४८मध्ये पवित्र रोमन साम्राज्याला (तेव्हा जर्मन प्रदेश त्यातच मोडत) हुकूम काढून ही अडवणूक थांबवायला सांगावे लागले. ज्या धंद्याकडे इतक्या तिरक्या नजरेने पाहिले गेले, त्याचेच आडनाव आज देशात पहिल्या क्रमांकावर आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

मॅक्स म्युलर १८२३मध्ये डेसाऊ येथे जन्मले. ‘म्युलर’ फारच सार्वत्रिक, म्हणून त्यांनी आपले ‘मॅक्स’ हे नाव आडनावालाच जोडून घेतले. ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीवर त्यांनी स्वतःला ‘मोक्षमूलर’ म्हणवून घेतले आहे. ते हौसेने केलेले संस्कृतीकरण आहे. त्यावरून या आडनावाचा ‘मोक्ष’ किंवा ‘मूळ’ या शब्दांशी संबंध जोडू नये.

आता उच्चार. ‘उ’ म्हणताना होतात तसे ओठ गोल ठेवून आतून ‘इ’ म्हणावे. जे निघेल, तोच या आडनावातला पहिला स्वर. तो ऱ्हस्व आहे. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून ‘म्यु’ ही जवळची सोय. रोमन लिपीत ‘यू’ या अक्षरावर दोन टिंबे असतात. ती छापता येत नसतील तर त्यापुढे ‘ई’ हे अक्षर लिहितात. ‘म्युएलर’ हे रूप त्या ‘ई’मुळेच जन्मले, पण तिथे ‘ए’चा उच्चार होतच नाही. शेवटचा ‘र’ बोलताना जवळपास ‘अ’ होतो. तरी लिहिताना तो ठेवावा, कारण श्नायडर (शिंपी), फिशर (कोळी), वेबर (विणकर) या आडनावांत आपण तो ठेवतोच.

आपल्या मुद्रितशोधकांच्या शब्दयादीत ‘म्युलर’ हे एकच रूप घालावे आणि ते क्रीडापानापासून पुरवणीपर्यंत सगळीकडे लागू करावे, ही आग्रहाची विनंती.

आपली,
जर्मन भाषेची एक निवृत्त शिक्षिका